डीव्हीडींतील चित्रांची गुंफण व तिची सोडवणूक

ह्या शतकाच्या पहिल्या दहापंधरा वर्षांत लग्नकार्यें, मुंजी, शाळांचीं स्नेहसंमेलनें व क्रीडास्पर्धा ह्यांचें चित्रण करून तें डीव्हीडी नांवाच्या तबकडीवर उतरवून ठेवण्याची चाल आपल्याकडे घरोघर पडली होती. आज त्या तबकड्या बहुतेक कपाटांत पडून आहेत. तबकडी वाचणारें साधन नव्या संगणकांत बहुधा नसतें. शिवाय घरीं अगर स्टुडिओंत लिहिलेल्या तबकडींतील रंगद्रव्याचा थर उष्णतेनें व उजेडानें हळूहळू बिघडत जातो. सबब पुष्कळ कुटुंबांत ह्या जुन्या तबकड्या संगणकावर घेऊन त्यांचें नव्या फाइलींत रूपांतर करण्याचें काम चालू आहे, आणि तें बहुधा घरांतील शाळकरी मुलामुलींकडेच सोंपविलेलें असतें.

हें काम करितांना बहुतेकांस एक चमत्कारिक अनुभव येतो. जुन्या दूरचित्रवाणी संचावर जें चित्र स्वच्छ दिसत असे तेंच संगणकाच्या पडद्यावर पाहतां, मनुष्य उभा असेपर्यंत सर्व ठीक दिसतें. परंतु तो चालूं लागला कीं त्याच्या अंगाच्या दोन्ही कडांस फणीच्या दांत्यांसारख्या आडव्या रेघा फुटतात. कोणी म्हणतो, तबकडी खराब झाली; कोणी म्हणतो, चित्रण करणाराच अडाणी होता. मग रूपांतराच्या प्रोग्रॅममध्यें जें पहिलें बटण सांपडेल तें दाबून दांते घालविले जातात, मूळ तबकडी टाकून दिली जाते, आणि काम संपलें असें समजण्यांत येतें.

आरंभींच सांगून ठेवितों कीं, हे दांते म्हणजे तबकडीचा दोष नव्हे. एका चौकटींत दोन निरनिराळे क्षण ओळीआड ओळ बसविलेले आहेत, एवढाच त्यांचा अर्थ. हा अर्थ न ओळखतां जो दांते पुसूं जातो तो त्यांच्याबरोबर निम्मे क्षणहि पुसून टाकतो. आणि मूळ तबकडीहि हातची गेली असल्यास ते क्षण पुढें कोणत्याहि उपायानें परत येत नाहींत. म्हणून हे दांते उत्पन्न कसे होतात, व क्षण न गमावतां ते कसे दूर करावे, ह्याचा विचार ह्या लेखांत क्रमानें करूं.

गुंफण कां करावी लागली

दूरचित्रवाणीच्या जुन्या संचांत कांचेच्या मोठ्या नळीच्या मागच्या टोंकाकडून विद्युत्कणांचा बारीक झोत निघे, व तो पडद्याच्या आंतल्या बाजूस लावलेल्या लेपावर आदळून तेथें प्रकाश पाडी. हा झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ, मग तिच्या खालची ओळ, असा आपण पुस्तक वाचतों त्याच क्रमानें सबंध पडदा रंगवीत असे. लेपाचा प्रकाश मात्र क्षणभरच टिके.

हालचाल सलग दिसण्यास सेकंदास पंचवीसएक चित्रें पुरतात. परंतु सेकंदास २५ वेळां उजळणारा व मावळणारा पडदा डोळ्यांस लुकलुकतांना दिसतो. लुकलुक कमी होण्यास तो सेकंदास पन्नासएक वेळां तरी उजळला पाहिजे. चित्रपटगृहांत ही अडचण सोप्या रीतीनें सुटली. तेथें सेकंदास २४ चित्रें असतात, परंतु प्रक्षेपकांतील फिरती झडप प्रत्येक चित्र दोनदां उजेडांत आणी, त्यामुळें डोळ्यांस ४८ चमका मिळत. दूरचित्रवाणी संचास हें साधण्यासारखें नव्हतें. कारण आलेलें चित्र सांठवून तें पुन्हां दाखविण्याची सोय त्या काळच्या संचांत नव्हती. बरें, सेकंदास ५० पूर्ण चित्रें पाठवावीं, तर लहरींचा पट्टा दुप्पट रुंद लागणार, आणि तो परवडणारा नव्हता.

ह्यावर जी तोड निघाली तिचें नांव इंटरलेसिंग. मराठींत आपण तिला ओळींची गुंफण म्हणूं. झोतानें पहिल्या फेरींत १, ३, ५, ७ अशा विषम ओळी रंगवावयाच्या, आणि दुसऱ्या फेरींत २, ४, ६, ८ अशा सम ओळी रंगवावयाच्या. प्रत्येक फेरी सेकंदाच्या पन्नासाव्या भागांत पुरी होते. त्यामुळें पडदा सेकंदास ५० वेळां उजळतो, लुकलुक कमी होते, आणि पाठवावयाचा ऐवज मात्र २५ पूर्ण चित्रांइतकाच राहतो. एका फेरींत तयार होणाऱ्या चित्रास इंग्रजींत फील्ड म्हणतात; ह्या लेखांत आपण त्यास अर्धचित्र म्हणूं. दोन अर्धचित्रें मिळून जी फ्रेम होते तिला पूर्णचित्र म्हणूं.

इ. स. १९३६ च्या नोव्हेंबर महिन्यांत लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बी. बी. सी. नें दूरचित्रवाणीचे नियमित कार्यक्रम सुरू केले, तेव्हां दोन पद्धति आळीपाळीनें वापरून पाहण्यांत आल्या. बेअर्ड कंपनीची पद्धति २४० ओळींची असून तींत सर्व ओळी क्रमानें, सेकंदास २५ वेळां, काढल्या जात. मार्कोनी-ई. एम. आय. कंपनीची पद्धति ४०५ ओळींची व गुंफणीची होती. तींत चित्र अधिक बारकाईचें दिसे व लुकलुकहि कमी होई. १९३७ च्या आरंभीं बेअर्ड पद्धति बंद करून गुंफणीची पद्धति कायम करण्यांत आली. ५० हा आंकडा इंग्लंडांतील विजेच्या ५० आवर्तनांशीं जुळता घेतला होता. अमेरिकेंत विजेचीं आवर्तनें ६० असल्यामुळें तेथें सेकंदास ६० अर्धचित्रें धरण्यांत आलीं.

आपल्या देशांत दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस सुरू झाली. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं उघडलें. आणि रंगीत प्रक्षेपण १९८२ सालीं आलें. आपली पद्धति ६२५ ओळींची व सेकंदास ५० अर्धचित्रांची ठरली. ६२५ हा विषम आंकडा उगाच घेतलेला नाहीं. त्याचे दोन सारखे भाग केले असतां प्रत्येक अर्धचित्राच्या वांट्यास ३१२ ओळी व वर अर्धी ओळ येते. ह्या अर्ध्या ओळीमुळेंच दुसऱ्या फेरींतील ओळी पहिल्या फेरींतील ओळींच्या बरोबर मध्यें पडतात.

ह्या ६२५ ओळींपैकीं प्रत्यक्ष चित्र ५७६ ओळींत असतें. डीव्हीडी १९९६ सालीं जपानांत प्रथम विक्रीस आली, तेव्हां घरोघर हेच नळीचे संच होते. म्हणून तिच्यावरील चित्रेंहि ह्याच मापांचीं ठेवण्यांत आलीं. आपल्याकडील तबकडीवर एका पूर्णचित्रांत ५७६ ओळी व प्रत्येक ओळींत ७२० ठिपके असतात. म्हणजे एका अर्धचित्रास २८८ ओळी. अमेरिकेंतील तबकडीवर ओळी ४८० असतात. म्हणजे अर्धचित्रास २४०.

नळीच्या संचावर हीं अर्धचित्रें एकामागून एक दिसत, व डोळा तीं जोडून घेई. संगणकाचा सपाट पडदा ओळीआड ओळ रंगवीत नाहीं. तो पूर्णचित्र एकदम पुढें मांडतो. त्यामुळें एकामागून एक दिसावयाचे दोन क्षण एकदमच दिसूं लागतात. त्यांतील अंतर किती, हें एका उदाहरणानें पाहूं. शंभर मीटरांच्या शर्यतींत एक मुलगा सेकंदास ८ मीटर ह्या वेगानें धांवत आहे. सेकंदाच्या पन्नासाव्या भागांत तो १६ सेंटिमीटर पुढें जाईल. चित्राच्या रुंदींत मैदानाचा ८ मीटर भाग मावला असेल, तर ७२० ठिपके ८ मीटरांस, म्हणजे ९० ठिपके एका मीटरास. सबब १६ सेंटिमीटरांस सुमारें १४ ठिपके. विषम ओळींतील मुलगा व सम ओळींतील मुलगा ह्यांत १४ ठिपक्यांचें अंतर पडलें. हीच दांत्यांची लांबी होय. जो उभा आहे त्यास दांते नाहींत, जो सावकाश चालतो त्यास आंखूड दांते, आणि जो धांवतो त्यास लांब दांते. ह्याचें कारण आतां स्पष्ट होईल.

वहीच्या पानावरील प्रयोग

विद्यार्थिमित्रांनीं गणिताची चौकटींची वही घ्यावी व पानावर दहा ओळी मोजून त्यांस १ पासून १० पर्यंत आंकडे घालावे. विषम ओळींत डावीकडून चौथी, पांचवी व सहावी अशा तीन चौकटी पेन्सिलीनें काळ्या कराव्या. हा एक खांब झाला. आतां समजा, सम ओळी रंगविण्याची वेळ येईपर्यंत हा खांब दोन चौकटी उजवीकडे सरकला. तेव्हां सम ओळींत सहावी, सातवी व आठवी ह्या चौकटी काळ्या कराव्या. पान हातभर दूर धरून पाहतांच दोन्ही कडांस दांते दिसतील. दुसऱ्या पानावर तोच खांब न सरकवितां काढावा. सर्व दहा ओळी मिळून तो सरळ व पूर्ण दिसेल. ह्यावरून दोन गोष्टी लक्षांत घ्याव्या. स्थिर वस्तूस गुंफण बाधत नाहीं. उलट दोन्ही अर्धचित्रें मिळून तिचा सर्व बारकावा हातीं येतो. हलत्या वस्तूस मात्र ती बाधते. हीं दोन्ही पानें जवळ ठेवावीं. पुढील विवेचनांत त्यांचा उपयोग होईल.

दांते घालविण्याचे चार मार्ग

पहिला मार्ग म्हणजे एक अर्धचित्र टाकून देणें. वहींतील सम ओळी खोडून टाका, व प्रत्येक विषम ओळीची नक्कल तिच्या खालच्या ओळींत करा. दांते गेले. परंतु ह्याच रीतीनें एक तिरपी रेघ काढून पाहा. तिला जिन्यासारख्या पायऱ्या पडतील, कारण निम्मा बारकावा गेला. शिवाय खांब दोन चौकटी पुढें गेला होता तो क्षण कायमचा नाहींसा झाला. एका तासाच्या चित्रणांत १,८०,००० अर्धचित्रें असतात; ह्या मार्गानें त्यांपैकीं ९०,००० जातात. धांवणारा मुलगा मग वाहत्या गतीनें न जातां किंचित् अडखळत गेल्यासारखा दिसतो.

दुसरा मार्ग मिसळण्याचा. विषम ओळ व तिच्या खालची सम ओळ ह्यांची सरासरी काढून ती दोन्ही ठिकाणीं भरावयाची. वहीवर करून पाहिल्यास चौथी, पांचवी, सातवी व आठवी ह्या चौकटी अर्धवट करड्या, व फक्त सहावी काळी होईल. येथेंहि दांते गेले, परंतु एका खांबाचे दोन फिकट खांब एकमेकांवर पडले. चेंडू एक असतां दोन पुसट चेंडू दिसतात, आणि नाचणाऱ्या मुलीच्या हातामागें दुसऱ्या हाताची छाया दिसते. हा मार्ग वरवर पाहणारास बरा वाटतो, आणि म्हणूनच तो अधिक घातक आहे. कारण पहिल्या मार्गांत निदान एक क्षण तरी शुद्ध राहतो, येथें दोन्ही गढूळ होतात.

तिसरा मार्ग दोन्ही क्षण राखण्याचा. प्रत्येक अर्धचित्र वेगळें काढून, त्यांतील गाळलेल्या ओळी वरच्याखालच्या ओळींवरून भरून, त्याचें स्वतंत्र पूर्णचित्र करावयाचें. सेकंदास २५ ऐवजीं ५० पूर्णचित्रें होतात व गति मूळच्यासारखी वाहती राहते. प्रोग्रॅममध्यें ह्यास बॉब असें नांव असतें. ह्यांत उणीव एवढीच कीं, स्थिर वस्तूचाहि निम्मा बारकावा अंदाजानें भरला जातो. साडीची बारीक किनार, फळ्यावरील अक्षरें, अशा ठिकाणीं एका चित्रांत विषम ओळींवरून व दुसऱ्यांत सम ओळींवरून अंदाज होतो. त्यामुळें बारीक आडव्या रेघा वरखालीं थरथरतांना दिसतात.

चौथा मार्ग तिसऱ्याचीच सुधारणा होय. यांत प्रोग्रॅम प्रत्येक ठिपक्याविषयीं मागचीं व पुढचीं अर्धचित्रें तपासून पाहतो. तो भाग स्थिर आहे असें दिसल्यास गाळलेली ओळ अंदाजानें न भरतां शेजारच्या अर्धचित्रांतील खरी ओळ घेतो. हलता आहे असें दिसल्यासच वरच्याखालच्या ओळींवरून, कडेचा तिरपेपणा पाहून, ती भरतो. वहीच्या भाषेंत सांगावयाचें तर, न सरकलेल्या खांबाचें पान तो जसेंच्या तसें ठेवतो, आणि सरकलेल्या खांबाचीं मात्र दोन पानें करतो. मायकेल नीडरमायर ह्यांनीं लिहिलेली याडिफ नांवाची कृति ह्याच जातीची असून तिच्यावरून सुधारून केलेली बीडब्ल्यूडिफ ही कृति आज पुष्कळ ठिकाणीं वापरतात. दोन्ही एफएफएमपेग व हँडब्रेक ह्या विनामूल्य प्रोग्रॅममध्यें आहेत. क्यूटीजीएमसी नांवाची तिसरी कृति वस्तु कोणत्या दिशेस किती सरकली ह्याचा माग काढून ओळी भरते. तिचें फळ अधिक चांगलें असतें, परंतु तिला वेळ पुष्कळ लागतो. ह्या कृतींस प्रत्येक अर्धचित्राचें एक पूर्णचित्र करण्यास सांगितलें, म्हणजे सेकंदास ५० चित्रें घेतलीं, तरच सर्व क्षण राहतात. सेकंदास २५ च घेतल्यास चित्र सुरेख दिसेल, पण निम्मे क्षण येथेंहि जातील.

चित्रपटाची गोष्ट निराळी

येथवर सांगितलेलें सर्व व्हिडिओ कॅमेऱ्यानें घेतलेल्या चित्रणास लागू आहे. फिल्मवर घेतलेल्या चित्रपटास तें लागू नाहीं. कारण फिल्मवरील प्रत्येक चित्र एकाच क्षणाचें असतें. लग्नाच्या तबकडींत स्टुडिओवाले पुष्कळदां चित्रपटांतील गाण्यांचे तुकडे मधूनमधून जोडीत, म्हणून हा भेद घरच्या कामांतहि ठाऊक असावा लागतो.

आपल्याकडील पद्धतींत सेकंदास २४ चित्रांचा चित्रपट बहुधा किंचित् वेगानें, सेकंदास २५ ह्याप्रमाणें, चालवून तबकडीवर घेत. अडीच तासांचा चित्रपट त्यामुळें १४४ मिनिटांत संपतो. येथें दोन्ही अर्धचित्रें एकाच क्षणाचीं असल्यामुळें तीं जोडून ठेवलीं कीं पूर्णचित्र निर्दोष होतें. त्यावर दांते घालविण्याचा उपाय करणें म्हणजे निरोग्यास औषध पाजणें होय. लाभ कांहीं नाहीं, बारकावा मात्र कमी होतो.

अमेरिकेंतील पद्धतींत २४ चित्रें ६० अर्धचित्रांत बसवावीं लागतात. त्यासाठीं एका चित्राचीं तीन व पुढच्याचीं दोन अशीं आळीपाळीनें अर्धचित्रें करितात. फिल्मवरील चार चित्रांस क, ख, ग, घ म्हटलें, तर अर्धचित्रें क, क, क, ख, ख, ग, ग, ग, घ, घ अशीं दहा होतात. त्यांच्या जोड्या लावल्या असतां पूर्णचित्रें कक, कख, खग, गग, घघ अशीं पांच होतात. त्यांतील तीन स्वच्छ व दोन दांत्यांचीं. येथें ओळी अंदाजानें भरण्याचें कारणच नाहीं. योग्य अर्धचित्रें पुन्हां जुळवून जास्तीचें टाकून दिलें कीं मूळचीं चार चित्रें जशींच्या तशीं मिळतात. हँडब्रेकमध्यें ह्यास डिटेलिसिन म्हणतात. अमेरिकेंत राहणाऱ्या आप्तांनीं व्हिडिओ कॅमेऱ्यानें घेतलेली तबकडी मात्र खऱ्या ६० क्षणांची असते. तीस तिसरा किंवा चौथा मार्गच लावावा.

प्रत्यक्ष काम कसें करावें

प्रथम तबकडीवरील सर्व फाइली कांहींहि फेरफार न करितां संगणकावर उतरवून घ्याव्या. एका थराच्या तबकडीवर फार तर ४.७ अब्ज बाइट मावतात. आजच्या सांठवणीच्या मानानें ही जागा थोडी आहे. हीच मूळ प्रत समजून ती निराळी जपून ठेवावी, व पुढील सर्व प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावे. आमचें सांगणें घरच्या व शाळेच्या चित्रणापुरतें आहे, हें वेगळें सांगावयास नको. विकत घेतलेल्या चित्रपटाची नक्कल करण्याचा अधिकार त्याच्या मालकाचा असतो.

नंतर तबकडीची परीक्षा करावी. व्हीएलसी नांवाच्या प्रोग्रॅममध्यें चित्र लावून त्यांतील डिइंटरलेस ही सोय बंद ठेवावी. जेथें कोणी पडद्यावर आडवा चालत अगर धांवत आहे असा भाग काढून चित्र थांबवावें, आणि इंग्रजी ई हें अक्षर दाबून एकेक चित्र पुढें न्यावें. हलत्या भागांत एकाहि चित्रास दांते नसल्यास कांहीं करूं नये. तीन स्वच्छ व दोन दांत्यांचीं असा क्रम दिसल्यास तो अमेरिकी रीतीचा चित्रपट समजावा. प्रत्येक चित्रास दांते असल्यास तें बहुधा खरें गुंफणीचें चित्रण होय. तरीहि संशय राहिल्यास बॉब ह्या मार्गानें एक मिनिटाचा तुकडा करून तो एकेक चित्र पुढें नेत पाहावा. प्रत्येक चित्रांत मनुष्य पुढें सरकत असेल, तर सेकंदास ५० क्षण खरे आहेत. एकाआड एक चित्रांतच सरकत असेल, तर क्षण २५ च असून अर्धचित्रांची जोडी लावतांना चूक झालेली आहे.

तिसरी गोष्ट, कोणतें अर्धचित्र आधीं हें नीट ठरवावें. तबकडीवर बहुधा वरच्या ओळीचें अर्धचित्र आधीं असतें. डीव्ही नांवाच्या लहान फितीवर चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यांत खालच्या ओळीचें आधीं असे. हा क्रम उलटा धरला गेल्यास १, २, ३, ४ ह्या क्षणांचे २, १, ४, ३ होतात, आणि धांवणारा मुलगा पुढें-मागें पुढें-मागें असा थरथरत जातो. असें दिसतांच काम थांबवून क्रम बदलावा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. गुंफण आधीं सोडवावी, व चित्राची उंची कमीजास्त करणें मागाहून करावें. वहींतील दहा ओळींचें चित्र सात ओळींत दाबून बसविण्याचा प्रयत्न करून पाहा. विषम व सम ओळी एकमेकींत अशा मिसळतील कीं, कोणती ओळ कोणत्या क्षणाची हें ओळखण्याचें साधनच उरणार नाहीं. संगणकावरहि हेंच घडतें. गुंफण न सोडवितां चित्र लहान केलें कीं दांत्यांच्या जागीं अंधुक पट्टे येतात, आणि ते मग कायमचेच.

गुंफण सोडविल्यावर आकाराकडे पाहावें. तबकडीवरील ठिपके चौरस नसतात. ७२० बाय ५७६ ठिपक्यांचें जुन्या घाटाचें चित्र चौरस ठिपक्यांच्या पडद्यावर ७६८ बाय ५७६, व रुंद घाटाचें १०२४ बाय ५७६ दिसलें पाहिजे. नाहींतर माणसें बारीक अगर जाड दिसतात. शेवटीं तयार फाइलीची चित्रसंख्या सेकंदास ५० आहे ना, हें पाहावें. चित्रें दुप्पट झालीं म्हणून फाइल दुप्पट मोठी होईल असें भय बाळगूं नये. लागोपाठच्या चित्रांत फरक थोडा असतो, आणि प्रोग्रॅम मुख्यतः फरकच लिहून ठेवतो. सबंध तबकडी हातीं घेण्यापूर्वीं हालचालीचा एक मिनिट निवडून तो तीन-चार रीतींनीं करून पाहावा, व वडील मंडळींस शेजारीं बसवून त्यांच्या डोळ्यांसहि विचारावें.

इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर असें कीं, छायाचित्र मनुष्याचा चेहरा राखतें, परंतु त्याची चाल राखीत नाहीं. आजी नातसुनेच्या डोक्यावर अक्षता टाकतांना हात कसा उचलीत असे, वडील लहानपणीं शर्यतींत शेवटचीं दहा पावलें कशीं धांवले, गुरुजी फळ्याकडून वर्गाकडे कसे वळत असत, हें ज्या सेकंदाच्या पन्नासाव्या भागांत सांपडतें तेच भाग निष्काळजीपणानें टाकले जातात. तबकडीवर ते आज आहेत. तबकडी वाचतां येईनाशी झाली म्हणजे ते फक्त आपण केलेल्या प्रतींतच राहतील.

म्हणून पालकवर्गास आमची विनंति अशी कीं, येत्या सुटींत घरांतील जुन्या तबकड्या बाहेर काढून त्यांची यादी करावी, व ज्यांवरील माणसें आज आपल्यांत नाहींत त्या आधीं उतरवून घ्याव्या. विद्यार्थिमित्रांनीं रूपांतराचें काम मुलांचा खेळ म्हणून न करितां, आधीं परीक्षा, मग उपाय, ह्या क्रमानें करावें. आणि रूपांतर कितीहि चांगलें झालें तरी मूळ प्रत पुसूं नये. याडिफमागून बीडब्ल्यूडिफ निघाली, तशी उद्यां तिच्याहूनहि सरस कृति निघेल. तिला काम करावयास अर्धचित्रें मूळ रूपांत शिल्लक असलीं पाहिजेत.